छडीच्या चार जागा

गफार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाटूरच्या शाळेत नववीच्या वर्गावर होतो. त्यांची मुलगी शबाना एवढंच म्हणाली, "सुदामभाऊ, अब्बा सकाळी गेले." मला रडू आलं नाही. राग आला, तोही स्वतःचा. शेवटच्या भेटीत सरांनी मला एक काम सांगितलं होतं, एका पोराची माफी मागायचं. आज जाऊ, उद्या जाऊ... करत मी ते टाळलं, आणि गेलास का म्हणून विचारणारा माणूसच आता उरला नव्हता.

भोकरदनच्या हायस्कुलात सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. घरी उर्दू, वर्गात मराठी, आणि मॉडल ऑक्झिलरी, म्हणजे ती सहायक क्रियापदं, शिकवायला छडी. ती पाठीवर बसली की 'मस्ट', सुटका नाही. टेबलावर आडवी पडली की 'शुड', केलेलं बरं. पाठीमागे धरली की 'मे', पडेल किंवा पडणार नाही. आणि खिडकीच्या खिळ्याला टांगली की 'माइट', म्हणजे शक्यता अगदीच बारीक. "जालन्याची बस मे कम," सर म्हणायचे, "आन् सुदाम्याच्या गावची माइट कम." वर्ग हसायचा, आणि हसणाऱ्यांतल्या एकाला लगेच 'मस्ट' मिळायची. आमच्या पोटऱ्यांवरचे हिरवेनिळे वळ आठ-आठ दिवस जायचे नाहीत. त्यांच्या मागे लोक आता त्यांना 'शिस्तप्रिय' म्हणतात. शिस्तप्रिय कसले, मारकुटे होते. पण त्यांनी शिकवलेलं अजून पुसलं गेलेलं नाही, हेही तेवढंच खरं.

दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती. एका दुपारी सर वर्गात शिरले तेच पेटलेले. त्यांच्या स्कूटरचं मागचं चाक बसलं होतं. आदल्या दिवशी मी त्यांचा मार खाल्ला होता आणि मधल्या सुट्टीत कुणीतरी मला स्कूटरजवळ पाहिलं होतं. सरांच्या मनात तेवढ्यावर पक्कं झालं. "तूच फाडलं. दुसरा कोन आसनार?" मी नाही म्हणालो. छडी पाठीवर बसली, पोटऱ्यांवर बसली, आडव्या धरलेल्या मनगटावर बसली आणि मोडली. उरलेला तुकडा घेऊन ते पुन्हा धावले तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी तो तुकडा हिसकावला आणि त्यांच्या तोंडावर हाणला. एकदा नाही, तीनदा. डावी भुवई फाटली, रक्त हजेरीपटावर सांडलं, पहिल्या बाकावरच्या वह्यांवर उडालं. सर भिंतीला धरून खाली बसले. मला तेव्हा बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

संध्याकाळी पंक्चरवाल्याने चाक उघडलं तर आतून बाभळीचा काटा निघाला. कुणी काही केलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक माझा दाखला हातात द्यायला निघाले होते, म्हणजे दहावी गेलीच. भुवईला टाके घातलेले सर त्यांना म्हणाले, "आधी मी मारलं. त्याला काढायचं आसंल तर मला बी काढा." तिथून ते थेट आमच्या घरी आले. कागदात गुंडाळून आणलेला तो काटा त्यांनी माझ्या वडिलांच्या, बापूंच्या, देखत माझ्या हातावर ठेवला. "सुदाम, माझं चुकलं. मला वाटलं तूच आसनार, आन् मारत सुटलो." बापूंनी मला त्यांच्या पाया पडायला लावलं, तर सर मागे सरकले. "नको. मंग बराबर झालं आसं व्हईल. बराबर न्हाई झालं. मी मोठा होतो." त्यानंतर त्यांनी छडी हातात घेतली नाही. डावी पापणी मात्र पुढे कधी पुरती उघडली नाही, आणि त्याबद्दल मी एक शब्द बोललो नाही.

मीही इंग्रजीचाच मास्तर झालो. या उन्हाळ्यात सर अंथरुणाला खिळलेले होते, तेव्हा मी त्यांना खरं ते सांगून टाकलं. गृहपाठ केला नाही म्हणून मी वर्गातल्या गणेशच्या कानफटात मारली होती. कानातून रक्त आलं होतं. सरांनी खुणेने जवळ बोलावलं. डोक्यावर हात ठेवतील म्हणून मी वाकलो, तर त्यांनी गालावर मारली. हातात जोर नव्हता, पण अंगठी लागली.

"काय बघून राह्यला? ही त्या पोराकडून. जा त्याच्या घरी."

"जाईन सर."

"जाईन काय? मी दुसऱ्याच दिवशी आल्तो."

सरांना जाऊन चाळीस दिवस झाले, त्यांचा चाळिसावा झाला त्याच दिवशी, भोकरदनहून परतताना, मी गणेशच्या वस्तीवर गेलो. त्याच्या आईने लगबगीने खुर्ची आणली, मी बसलो नाही. तो गोठ्यापाशी शेळीला पाला टाकत होता. मी हाक मारली. त्याने वळून पाहिलं, पाला हातातून पडला, आणि त्याचे दोन्ही हात वर जाऊन कानांवर घट्ट बसले.

"माझं चुकलं रे," मी म्हणालो. झाकलेल्या कानांना ते ऐकू गेलं नाही. मी दोन पावलं मागे सरकलो आणि पुन्हा म्हणालो.