आईची सुकेळी आणि कंपनीचे पाहुणे

वसईजवळ नंदाखालच्या आमच्या घरात मला कुणी कधी परकं म्हटलं नाही, पण सुकेळीच्या दिवसांत मी परकीच असायचे. आई सुकेळीसाठी राजेळी केळी सोलून अंगणातल्या मांडवावर वाळवायची, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. संध्याकाळी मात्र ती केळी आतल्या खोलीत जायची आणि दाराला कडी लागायची. आत काय करायचं ते फक्त सुनेला शिकवायचं, ही घरची रीत. लेक काय, उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार! मी दाराशी रेंगाळले की आई म्हणायची, "तू चूल बघ."

लग्न होऊन मी सांडोरला गेले. सासरीही राजेळीचे घड लागायचे, म्हणून एकदा सुकेळी करून बघितली, तर चामडं झालं नुसतं. आईला विचारलं तर हसली. "तुझ्या सासूला विचार," म्हणाली. मला इतका राग आला की त्या खेपेला मी जेवायलाही थांबले नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मुंबईहून एका सुक्यामेव्याच्या कंपनीचे दोन साहेब गाडी घेऊन आले. मोठी ऑर्डर देणार, पण आधी पद्धत बघायला हवी, स्वच्छता तपासायला हवी. मी नेमकी माहेरी होते. आईने त्यांना सरबत दिलं, खुर्च्या दिल्या, आणि संध्याकाळी सरळ आतल्या खोलीत नेलं. वहिनी करून दाखवतेय, आई समजावून सांगतेय, एक साहेब भराभर लिहून घेतोय. दार सताड उघडं.

मी आईला बाजूला ओढलं. "अगं, काय करतेस हे?"

"पाहुणे आहेत. आणि ते साहेब लोक काय सुकेळी करत बसणार आहेत? जा, चहा ठेव."

मी चहा ठेवला. अजून आठवलं की हात शिवशिवतात.

जाताना त्यांनी आईची एका कागदावर सही घेतली. कंपनीने सांगितलेला भाव, कंपनीचं बोलणं बाहेर कुठे सांगायचं नाही. मी विचारलं, "आणि आमचं तुम्ही सांगायचं नाही, ते कुठे लिहिलंय?" साहेब गोड हसला. "ताई, हा आमचा ठरलेला नमुना आहे." म्हणजे त्यांचा भाव हे गुपित, आणि पिढ्यान् पिढ्या जपलेली आमची विद्या ही नुसती माहिती! निर्लज्जपणा तरी किती असावा!

ऑर्डर आलीच नाही. पुढच्या हंगामात वसईच्या दुकानांत चकचकीत खोकी आली. एक तुकडा तोंडात टाकला आणि कळलं, ही आईचीच चव. आमच्याकडून माल घेणारे दुकानदार एकेक करून गळाले, वहिनीने नोकरी धरली. मी वकिलाकडे गेले, तर तो म्हणाला, "तुम्हीच दाखवलंत ना?"

त्या वर्षी आईने मला हाक मारली. "ये, शिकवते तुला. आता कुणापासून लपवायचं?"

"आता?" मी ओरडलेच. "साहेबांचं झालं, आता माझा नंबर?"

आई केळ्यांची टोपली उचलून आत गेली. मीही गेले. आत काय करतात ते मी इथे लिहिणार नाही, पाहुणचार पुरे झाला. आईने सवयीने कडीकडे हात नेला आणि तसाच खाली घेतला.

मी उठले आणि कडी लावली.