पाठीमागची भिंत

सकाळचे सहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली आहेत आणि लालमहंमद गल्लीच्या बरोबर मधोमध उभे आहेत. कॅमेरा डोळ्याला लावलेला. दूधवाल्याची मोटारसायकल त्यांना वळसा घालून जाते, मागचा सायकलवाला घंटी वाजवून कंटाळतो. समोरच्या दगडी भिंतीलगत क्लासची पोरं-पोरी रांगेनं उभी राहून चुरमुऱ्यांची सुशीला खातायत. एका हातात कागदी प्लेट, दुसऱ्यात नोट्स. पहिली बॅच सातला बसते.

फोटो निघतो. त्यात पोरांची डोकी आहेत, प्लेटा आहेत, नोट्स आहेत. गुडघ्यांखाली काही नाही. कॅमेरा खाली वळवला की पाय येतात आणि डोकी जातात. लालमहंमदांच्या पाठीमागं पाच फूट मोकळी जागा आहे आणि त्यानंतर तशीच एक जुनी दगडी भिंत. तिथपर्यंत सरकलं की सगळं मावेल. ते सरकत नाहीत.

ही ऑगस्ट २००८ मधली लातूरची गोष्ट. लालमहंमद तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत तिसऱ्या पानावर रोज त्यांचा एक फोटो येई, चार कॉलम रुंद. मथळा ‘रस्ता’, खाली त्यांचं नाव. बारा वर्षं हे चाललं होतं. बाकीचा दिवस ते स्वतःच्या स्टुडिओत पासपोर्ट आणि गुणवंतांचे फोटो काढत. परगावाहून शिकायला आलेल्या पोरांमुळं त्या कामाला खळ नव्हता. त्यात खांद्याखालचं कुणाला लागतही नाही.

पान लावायचं काम पूनम करायची. रेणापूरची, सव्वीस वर्षांची, तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेली. पान तयार झालं की छपाईला नांदेडला जाई. एकदा गेलं की त्यात काही बदलता येत नसे. पूनम रोज लालमहंमदांचा फोटो स्क्रीनवर उघडून बराच वेळ बघत बसायची.

“चाचा, तुमच्या माणसांचे पाय कुठं जातेत हो?”

“पाय असतेत की.”

“कुठं? हे बघा, गुडघ्यावर तुटलं की माणूस खड्ड्यात उभा राहिल्यावानी दिसतोय. म्हणून मला अजून वर, कमरेवर कापावं लागतं. मग फोटो लहान होतोय. ही पोरगी डावीकडं बघायलीय, तर डावीकडं जागा पाहिजे. तीबी न्हाई. जास्तीचं मी कापू शकते. नसलेलं कुठून आणू?”

जाहिरात विभागाचे दयानंद शेजारच्या टेबलावर चहा पीत होते. ते म्हणाले, “पाय नाहीत ते बरंय. चप्पलवाल्याची फुकट जाहिरात नको.” मग कप खाली ठेवून त्यांनी कामाचं सांगितलं. एका क्लासला तिसऱ्या पानावर वर्षभराची जाहिरात हवी होती, नेमकी ‘रस्ता’च्या जागेवर. निर्णय रविवारच्या बैठकीत होणार होता.

 दयानंद गेल्यावर पूनम म्हणाली, “शनिवारपर्यंत एक असा द्या, की मला कुठूनच कापावा लागणार न्हाई. मग मी भांडते. असल्या फोटोवर भांडता येत न्हाई.”

त्यांनी कुणाची तरी वाइड लेन्स मागून आणली. गल्ली मावली, पण कडेची पोरं ओढून ताणल्यासारखी लांबट झाली. लेन्स परत केली. गुरुवारी ते मागं सरकायचं ठरवूनच गेले. दोन पावलं मागं गेले, थांबले, वळले, भिंतीच्या माथ्यावरचे दगड बघितले. पुन्हा समोर बघेपर्यंत समोरची रांग मोडली होती. हे तीनदा झालं. सुशीलावाला म्हणाला, “चाचा, वर माकड हाय का?”

वर काही नव्हतं. १९९३ च्या भूकंपानंतर पंचनाम्यांना जोडायला पडक्या घरांचे फोटो लागत. लालमहंमद तेव्हा दुसऱ्याच्या स्टुडिओत कामाला होते आणि औसा तालुक्यात रोज गावोगाव जात. घरमालक घरापुढं उभा राहायचा आणि घर जोत्यापासून दिसलंच पाहिजे, असा साहेबांचा दंडक होता. त्यासाठी मागं, समोरच्या घराच्या उरलेल्या भिंतीला टेकून उभं राहावं लागे. पाचव्या दिवशी त्यांच्या कॉलरमध्ये बारीक माती पडली. ते पुढं सरकले आणि सरकता सरकताच बटण दाबलं गेलं. मागची भिंत बसली. कुणाला लागलं नाही. फोटोत घरमालक गुडघ्यापर्यंतच आला, जोतं आलं नाही, आणि जोतं दिसत नाही म्हणून फोटो परत आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पुन्हा काढला, ढिगाऱ्यावर उभं राहून.

तेव्हापासून ते वर बघितल्याशिवाय मागं जात नाहीत आणि वर बघितलं की समोरचं जातं. बारा वर्षं त्यांनी रस्त्याच्या मधूनच काम चालवलं.

हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. बायकोला, बानोला, होतं. गुरुवारी दुपारी त्यांनी जेवताना तिला रविवारच्या बैठकीचं सांगितलं. ती ताट उचलताना म्हणाली, “मैं आतूं कल.”

“तू आके क्या करती?”

“क्या नै. खडी रैती.”

भूकंपानंतरच्या थंडीत त्यांची गल्ली उघड्यावर झोपायची. प्रत्येक घरातलं एक जण आळीपाळीनं जागं राहून भिंतींकडं बघायचं, बाकीचे झोपायचे. बानोची पाळी असली की लालमहंमदांना झोप लागायची.

शुक्रवारी ती दुधाची पिशवी घेऊन गल्लीत आली आणि भिंतीपासून हातभर अंतरावर, मान वर करून उभी राहिली. “तुमे सामने देखो. उप्पर मैं देखतूं.” ते मागं गेले. पाठ दगडाला लागली तेव्हा खांदे उचलले गेले, पण ते वळले नाहीत. सुशीलावाल्यानं आता दोघांकडं बघितलं आणि पुढची प्लेट भरली.

त्या दिवशीच्या फोटोत नऊ पोरं-पोरी होती, डोक्यापासून टाचांपर्यंत. प्रत्येकानं आपली बॅग दोन पायांत आवळून धरली होती. डावीकडून तिसऱ्या पोराच्या एका पायात निळी चप्पल होती, दुसऱ्यात तपकिरी. तो नोट्स वाचत होता. पूनमनं फोटो उघडला, कापायची चौकट चारही बाजूंनी फिरवली आणि होती तिथं सोडून दिली.

“हा कुठं उभा राहून काढलात?”

“जरा मागं.”

शनिवारी तो छापून आला. रविवारच्या बैठकीत पूनम भांडली. दयानंदांच्या म्हणण्यानुसार जरा जास्तच. ठरलं ते असं: ‘रस्ता’ दिवाळीपर्यंत राहील, चारऐवजी तीन कॉलम, आणि खालच्या पट्टीत क्लासची जाहिरात येईल. दिवाळीनंतर पुन्हा बघू. लालमहंमदांनी घरी येऊन हे सांगितलं. बानो म्हणाली, म्हणजे अडीच महिने. तिची मान शुक्रवारपासून अवघडलेली होती आणि तिनं मानेला तेल लावलं होतं.

तिच्याशिवाय जमेल का, हे त्यांनी शनिवारी करून बघितलं होतं. जमलं नव्हतं.

उद्या सोमवार. दूध केंद्र सहाला उघडतं. बानो तिथं रांगेत उभी राहील आणि दूध घेऊन थेट गल्लीत येईल.