मिटलेल्या डोळ्यांचे फोटो घेऊन: पाचोरा, धुळे, फैजपूर

खानदेशात फिरायला यायचं तर थंडीत या. उन्हाळ्यात आलात आणि भाजून निघालात, तर मला बोल लावू नका. माझी ही सहल नव्वदच्या आसपासची, पण थंडी, केळी आणि भरीत अजून जागच्या जागी आहेत.

पाचोऱ्यात आमचा छोटा फोटो स्टुडिओ होता. हे लग्नांचे फोटो काढायला बाहेर जायचे आणि मी स्टुडिओ सांभाळायचे. फ्लॅश उडाला की दर चार-पाच गिऱ्हाइकांमागे एखादं डोळे मिटतंच. मग दुसरा फोटो काढायचा, चांगला तेवढा छापून द्यायचा आणि मिटलेल्या डोळ्यांची निगेटिव्ह डब्यात टाकायची. रिकाम्या दुपारी मी त्या निगेटिव्ह मोठ्या करून बघायला लागले आणि त्यांच्या प्रेमातच पडले. पासपोर्टच्या फोटोत माणूस कसा ताठ, घाबरलेला असतो. डोळे मिटले की तोच माणूस कुठेतरी लांब, आपल्या माणसांत गेल्यासारखा दिसतो. असं का व्हावं, ते मला कळेना आणि बघणं सोडवेना.

अशात कळलं की मुंबईहून एक सर धुळ्याला येणार आहेत. फोटोग्राफरांची कामं बघणार आणि निवडक कामांचं मुंबईत प्रदर्शन लावणार. हे म्हणाले, "जाऊन ये. नाही म्हणाले तरी बहिणीला भेटणं होईल." धुळ्याला माझी मामेबहीण राहते. मी फोटो पुठ्ठ्यांत बांधले आणि निघाले.

पाचोऱ्याहून चाळीसगाव आणि तिथून धुळ्याची पॅसेंजर. तिकीट अगदी किरकोळ आणि गाडीला कसलीही घाई नाही. बाहेर धुक्यात कपाशीची शेतं सरकत होती. मधूनच एखादा बैल दिसायचा आणि विरून जायचा. समोर बसलेल्या आबांची नजर माझ्या गाठोड्यावर होती.

"बेन, यामा काय शे?"

"फोटो आहेत, आबा."

"दखाड ना."

त्यांनी एकेक फोटो हातात धरून नीट पाहिला. "आरे, या तं बठ्ठा झोपेल शेतस! गावमा जागं कोण शे मंग?" अख्खा डबा हसला, मीसुद्धा. पण शेवटच्या फोटोपर्यंत आबांनी पुठ्ठा खाली ठेवला नाही, हे मी लक्षात ठेवलं.

धुळ्याला एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात सगळे जमले होते. बहुतेकांकडे सूर्यास्त, पाण्यावरच्या होड्या, नटलेल्या नवऱ्या. सरांनी आधी आपल्याजवळचे काही फोटो दाखवले. कुणीतरी वर्षभर एकाच भिंतीचे फोटो काढले होते. भिंतीवरचं ऊन बदलत होतं, बाकी काही नाही. माझ्या मनात पहिला विचार आला, की याचे पैसे कोणी दिले असतील? दुसरा विचार यायच्या आत मी त्या उन्हात हरवून गेले होते. आपण दुपारी एकटीने करतो ते वेड आणखीही कोणी करतं, हे कळल्यावर मला रडूच आलं.

माझे फोटो सरांनी टेबलावर मांडले. मग फैजपूरच्या अक्कांचा फोटो उचलला. अक्का पाचोऱ्याला लेकीकडे आल्या होत्या तेव्हा फोटो काढून गेल्या होत्या.

"हे काम मला हवंय," सर म्हणाले. "पण या लोकांना माहीत आहे?"

"नाही."

"मग विचारून घ्या. जे हो म्हणतील त्यांचेच लावू. आणि या बाई नाही म्हणाल्या तर मी काहीच लावणार नाही. सगळ्याचा जीव त्यांच्यात आहे."

रात्री बहिणीने झणझणीत शेवभाजी केली होती. मला घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून जळगावची एस.टी. पकडली. आता हा रस्ता ऐसपैस झालाय, तेव्हा मात्र पारोळा, एरंडोल करत हाडं खिळखिळी व्हायची. जळगावला गाडी बदलून भुसावळ, यावलमार्गे फैजपूर. तापी ओलांडली की हवा ओलसर होते आणि दोन्ही बाजूंना केळीच केळी लागते. त्या हिरव्या उजेडात मला डुलकी लागली आणि स्वप्नात सगळी माझी गिऱ्हाइकं डोळे मिटून केळीतून चालत होती.

पत्ता नव्हता, विचारत विचारत घर शोधलं. अक्कांनी मला ओळखलं, आधी भरीत-भाकरी वाढली आणि मग मुंबईच्या प्रदर्शनाचं ऐकून फोटो हातात घेतला. त्या खूप वेळ बघत राहिल्या.

"हे मी हाये? मले कधी कोनी झोपेल पाह्यलं नसीन. सगयाच्या आंधी उठते, सगयाच्या मांगून निजते."

सून चुलीपाशी बसली होती. तिने मान वळवून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "डोये मिटेल फोटो कायले काढला, ताई? तसा तं मेल्या मानसाचा असते."

माझा घास हातातच राहिला. मुंबई गेलीच, असं मी धरून चालले. अक्का मात्र फोटोवरून बोट फिरवत होत्या.

"घरात नको लावू. ही घाबरते. मंबईले ने," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पन तुहा कुठी हाये यात?"

"माझा नाही, अक्का. मी कॅमेऱ्यामागे असते."

"मंग आज पुढी बस. डोये मिट. दाबाचं कुठी ते सांग मले."

परसात केळीखाली बाजेवर बसले. पिशवीतला कॅमेरा लावून दिला, बटण दाखवलं आणि डोळे मिटले. पानं सळसळत होती. अक्का आता दाबतील, मग दाबतील, काही कळेना. कोणीतरी आपल्याला बघतंय आणि आपण त्याला बघू शकत नाही, हे कसं असतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. "झालं वं," अक्का म्हणाल्या, तरी मला लगेच डोळे उघडवेनात.

घरी येऊन फिल्म धुतली. फोटो तिरपा आला होता, वर नुसती पानं आणि खाली कोपऱ्यात मी. असे मिटलेल्या डोळ्यांचे शेकडो चेहरे ह्यांनी स्वतः काही न वाटता डब्यात टाकले होते. माझा मात्र त्यांनी एकदा पाहिला आणि पालथा घातला.

"हा नको पाठवू."

"अक्कांनी तर त्यांचा दिलाय."

ते उठून बाहेर गेले. नंतरच्या काही आठवड्यांत मी बाकीच्यांकडे जाऊन विचारून आले. कोणी हो म्हणालं, कोणी फोटो माझ्या देखत फाडला, आणि मी फाडू दिला. फोटो बांधायच्या दिवशी हे आपणहून शेजारी येऊन बसले. पालथा फोटो त्यांनी सरळ केला, डोळे भरून पाहिला, बटर पेपरमध्ये गुंडाळला आणि अक्कांच्या फोटोवर ठेवला.

"सरांना सांग," ते म्हणाले, "हिला एकटीला नका लावू. अक्कांच्या शेजारी लावा."