जुन्या ग्लव्हची वादी

सिंगापूरच्या सेम्बावांग भागात आमच्या मजल्यावर, लिफ्टला लागून असलेल्या घरात एक चिनी आजोबा एकटे राहतात. सगळे त्यांना अंकल म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. माझी तेरा वर्षांची मुलगी शाळेत सॉफ्टबॉल खेळायला लागल्याचं कळलं, त्या संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातातल्या पिशवीत चामड्याचे दोन जुने बेसबॉल ग्लव्ह होते, एक त्यांचा आणि एक त्यांच्या बायकोचा. तरुणपणी दोघंही खेळायची. बायको जाऊन आता काही वर्षं झाली होती. नवा ग्लव्ह हाताला वळायला फार वेळ घेतो, त्यापेक्षा हे दुरुस्त करून घे आणि पोरीला वापरू दे, असं त्यांनी मला सांगितलं. मुलीनं लहान ग्लव्ह तिथंच हातात घालून पाहिला. तिला तो बरोबर बसला.

ते गेल्यावर मी दोन्ही ग्लव्ह उलटसुलट करून पाहिले. वरची पांढरी बुरशी फडक्यानं सहज निघाली आणि खालचं चामडं छान तांबूस दिसायला लागलं. पण बोटांच्या बेचक्यातली घडी उघडून अंगठ्यानं दाबली, तर अंगठ्याला विटेच्या चुऱ्यासारखी भुकटी लागली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली, चेंडू अडवणारी जाळी ज्या चामड्याच्या वाद्यांनी ओवलेली असते, त्या वाद्या भोकांपाशी चिरल्या होत्या. लहान ग्लव्हच्या तर जास्तच. चामडं आतून कुजलं होतं.

मी जहाजदुरुस्तीच्या यार्डात काम करतो. क्रेनच्या तारा, हूक, साखळ्या तपासायच्या आणि काय ठेवायचं, काय फेकायचं ते ठरवायचं, हे माझं काम. त्याआधी मी बोटीवर होतो. फोर्थ इंजिनिअर असताना लाइफबोट ज्या तारेवर लोंबते ती तार मी तपासली होती. एका वाकापाशी ती मला काळसर वाटली. पण बंदरात इन्स्पेक्शन तोंडावर आलं होतं, कॅप्टन घाईत होता आणि मी नवखा होतो. मी वरून ग्रीस चोपडलं आणि कागदावर 'ठीक' अशी खूण केली. पुढच्या ड्रिलला, लाइफबोट उतरवायच्या सरावात, तीच तार तुटली. लाइफबोट एका बाजूनं खाली गेली आणि आत बसलेला फिलिपिनो खलाशी पाण्यात फेकला गेला. त्याचं कंबरेचं हाड मोडलं. तो वाचला, पण पुन्हा जहाजावर आला नाही. मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही कोणाला काही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा.

एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या तळमजल्यावर चामड्याच्या बॅगा दुरुस्त करणारा एक कारागीर बसतो. त्याच्याकडे मी ग्लव्ह नेले. त्यानं ते वाकवून पाहिले, वासही घेतला. सगळ्या वाद्या बदलीन, तेल देईन, अगदी नव्यासारखे दिसतील, असं तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "घरात ठेवायला की खेळायला?"

"खेळायला."

त्यानं ग्लव्ह खाली ठेवले. वादी नवी घातली तरी ती ओढणार जुन्याच भोकांना, आणि ते चामडं किती दिवस धरेल हे मी सांगू शकत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. मी ग्लव्ह तसेच परत आणले आणि चपलांच्या कपाटावर ठेवून दिले.

तिथं ते दोन आठवडे पडून राहिले. अंकलना खरं सांगायचं तर त्यांच्या बायकोची वस्तू निकामी झाली असं तोंडावर सांगावं लागणार होतं. दुरुस्त करून घ्यायचे, तर चेंडू जाळी फाडून मुलीच्या तोंडावर येताना मला रोज दिसत होता. सॉफ्टबॉलचा चेंडू नावालाच सॉफ्ट असतो. अंकल लिफ्टपाशी भेटले की विचारायचे. दुकानात गर्दी आहे, असं मी सांगायचो. "ते म्हातारे एवढ्या आशेनं विचारतात, एकदाचं काय ते करून टाक ना," असं बायको म्हणाली, तेव्हा मी तिच्यावरच चिडलो.

मग एका शनिवारी सकाळी मी भाजी घेऊन आलो, तर कपाटावर लहान ग्लव्ह नव्हता. मोरीत खोबरेल तेलाची बाटली उघडी पडली होती. मुलीनंच ग्लव्हला तेल चोळलं होतं. मी कॉरिडॉरच्या कठड्यावरून खाली पाहिलं. गवतावर ती आणि अंकल समोरासमोर उभे राहून चेंडू फेकत होते. अंकल नुसत्या हातांनी झेलत होते आणि हसत होते. मी वरून हाक मारली, पण ती त्यांना ऐकू गेली नाही. लिफ्ट तळाला होती. मी जिन्यानं धावलो. प्रत्येक वळणावर मला तो खलाशी पाण्यात पडताना दिसत होता, आणि त्याचा चेहरा माझ्या मुलीचा होता.

मी खाली पोचलो तेव्हा ती गवतावर बसली होती. वादी तुटून चेंडू जाळीतून आरपार गेला आणि गळ्याखालच्या हाडावर बसला होता. चार बोटं वर लागला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरा करत नाही. ती रडत नव्हती. "बाबा, इट्स ओके ला," एवढंच इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली. पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

आम्ही टॅक्सीनं क्लिनिकला गेलो. अंकल न विचारताच सोबत आले. तिला एक्स-रेला आत नेलं आणि आम्ही दोघं बाहेर बसलो. अंकल मांडीवरच्या ग्लव्हची तुटकी वादी बघत होते. मग त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

मी म्हणालो, "मला भीती वाटली." आणि मग, का ते मला कळलं नाही, त्या लाइफबोटीची सगळी गोष्ट मी त्यांना सांगितली. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझ्या बायकोला कळलं असतं तर तिनं तो ग्लव्ह स्वतः कात्रीनं कापला असता."

हाड मोडलं नव्हतं. नुसता मार होता, पंधरवडाभर काळानिळा राहिला. बायकोचा ग्लव्ह तुटक्या वादीसकट अंकल परत घेऊन गेले. तो दुरुस्त करायचा नाही, कोणाच्या हातातही द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांचा स्वतःचा मात्र कारागिराकडे दे म्हणाले, नुसता ठेवायला. त्या संध्याकाळी बायकोलाही मी सगळं सांगितलं. आपल्याआधी अंकलना कळलं म्हणून ती रागावली, आणि दोन दिवस बोलली नाही.

मुलगी आता नव्या, कडक ग्लव्हनं खेळते. तिचे सामने बघायला मी आणि अंकल जातो. चेंडू तिच्या दिशेनं उडाला की मला मान वर करवत नाही, मी बुटांकडे बघत बसतो. शेजारून अंकल हळूच सांगतात, "झेलला." कधी कधी ते काहीच बोलत नाहीत. मग मला बघावंच लागतं.