ड्रमचं झाकण

झाडांना नळाचं पाणी घालायचं नाही, पन्हळीखालच्या ड्रममधलंच घालायचं, हा माझा तोरा. तो मी गल्लीभर मिरवलेला.

शेजारच्या नलूताई डेंग्यूने दवाखान्यात होत्या, तेव्हा त्यांच्या जास्वंदीलाही मी तेच पाणी घालत होते. तिसऱ्या दिवशी तांब्या बुडवताना पाण्यात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. ड्रमचं झाकण कधीचं भिंतीला टेकून उभं होतं. मी ड्रम तिथंच आडवा केला.

डास काय, कुठूनही येतो, असं मनाला समजावते. पाणी साठवताना वाटतं, आपण पुण्यच साठवतोय; त्यात आणखी काय वाढतंय, हे वाकून बघायचं राहूनच जातं.

परवा नलूताई कुंपणाशी आल्या. चेहरा अजून उतरलेला, हातात वाटीभर शिरा. म्हणाल्या, "माझी जास्वंद जगवलीत हो. पावसाच्या पाण्याची गोष्टच वेगळी!"

सांगायला मी तोंड उघडलं, आणि "अहो, कशाला एवढं," इतकंच म्हणाले.

शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत. दोन दिवस ती धुऊन ओट्यावर ठेवली आहे. तिच्यात काय घालून द्यावं, मला सुचत नाही.