करवतीची दुसरी मूठ

चिंचपोकळीच्या पुलाजवळच्या लाकडाच्या वखारीत बाबांनी उभं आयुष्य करवत ओढली. आसपासच्या चाळींचे जिने, दारं, गणपतीचे पाट तिथल्याच लाकडाचे. लहानपणी मी कुणाच्याही घरी गेले की दाराकडे बोट दाखवून, "हे माझ्या बाबांनी कापलंय," असं बिनदिक्कत ठोकून द्यायचे.

खंडेनवमीला वखारीतली हत्यारं पूजेला बसत. दसऱ्याला ती उचलली की पहिला काप शर्यतीचा. दोन माणसं, दोन मुठींची लांब करवत आणि सागाचा ओंडका. ज्यांची चकती आधी खाली पडेल ते जिंकले. मशीन आल्यावरही ही शर्यत कुणी मोडली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

यंदा वखारीच्या जागी टॉवर येणार, म्हणून ही शर्यत शेवटची होती. निवृत्त झालेल्या बाबांना तीत उतरायचंच होतं. पण त्यांचे कायमचे जोडीदार काका गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गावी पडून, आणि दुसरा कुणी बाबांना चालेना. चार दिवस तोंड फुगवून बसले. शेवटी मीच म्हटलं, "मी धरते दुसरी मूठ." जिमला जाते, एवढ्याच भांडवलावर.

पहिल्याच झटक्यात करवत वाकली आणि लाकडात अडकली. मी जीव खाऊन ढकलत होते. सगळी वखार हसली.

"ढकलू नको गो चेडवा!" बाबा ओरडले. "तू फक्त तुझ्याकडे ओढ. मगे हात सैल सोड. माझ्याकडचा मी ओढतंय."

पन्नाशीला आले तरी बाबांच्या तोंडी मी चेडूच, म्हणजे पोर. ऑफिसात दहा माणसं हाताखाली आहेत माझ्या. हात सैल सोडायची सवय कुठली असणार? पण सोडला, आणि पलीकडून बाबांची ओढ आली. एकसारखी, ना घाई, ना धाप. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची ती ताकद हाताला कळली आणि मला अभिमानाने रडूच आलं.

आम्ही शेवटचे आलो. बाकीच्यांचा चहा पिऊन झाला होता, तरी आमची चकती पडेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. बाबांनी तिच्यावरून हात फिरवला. वरचा काठ खडबडीत होता, माझ्या ढकलण्याचा. त्याच्याखाली गुळगुळीत. मग त्यांनी काकांना फोन लावला.

मला वाटलं, हरल्याचं सांगतील. ते म्हणाले, "पडली रे चकती. तुझ्या मुठीक आज माझा चेडू होता."