निळ्या शर्टाची जुनी टीप

सकाळी पावणेअकराला वहिनी स्वतःचाच निळा शर्ट उलटा करून बसली होती. काखेत थोडं उसवलं होतं, गिऱ्हाईक नव्हतं, तेवढ्यात टीप मारून घेऊ असा विचार. पण बाजूच्या शिवणीलगत तिला सुईच्या छिद्रांची बारीक ओळ दिसली. जुनी टीप उसवली की कापडावर अशीच खूण राहते. नवी टीप पार कडेला होती. आत दुमडलेलं कापड सगळं सोडलेलं.

कपडे दुरुस्तीचं हे दुकान ती आणि तिची धाकटी नणंद चालवतात. नणंदेला घरात कात्री म्हणतात, जिभेमुळे.

दोन महिने वहिनीनं गोड सोडलं होतं. मग भाचीच्या वाढदिवसाला केकचा एक तुकडा खाल्ला, आणि खाल्ला म्हणून मन खात राहिलं तेव्हा फ्रीजपाशी उभं राहून उरलेलाही संपवला. पुढच्याच आठवड्यात हा शर्ट सैल झाला. केक अंगी लागला नाही म्हणून तिचा जीव भांड्यात पडला होता.

"हे तुझं काम?"

कात्रीनं मशीन थांबवलं. "तोंड पाडून बसली होतीस. म्हटलं, शर्टानं तरी दोन शब्द बरे बोलावेत."

"मी आरशासमोर गिरक्या घेत होते, तेव्हा तू हसत होतीस."

"कौतुकानं गं, वहिनी."

"माझा शर्ट, माझं पोट. विचारायचंस तरी."

वहिनी आतल्या खोलीत गेली आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला बिस्किटांचा पुडा फोडला. चव न कळता पाच-सहा पोटात गेली. मग नेहमीचं सुरू झालं: आजचा दिवस नासलाच आहे, तर पुडाच संपवावा, उद्या काही खायचंच नाही. केकनंतरही ती दिवसभर उपाशी राहिली होती आणि संध्याकाळी पाव-जॅमवर तुटून पडली होती. तिनं पुड्याला रबर लावलं आणि मशीनवर येऊन बसली.

शर्टाची टीप तिनं पुन्हा जुन्या ओळीवर घेतली आणि पडद्यामागे जाऊन घालून पाहिला. पोटावर ताणला, पण बटणं लागली. गोड सोडण्याआधी खालची लागत नव्हती.

"बसला का?" कात्रीनं बाहेरून विचारलं.

वहिनीनं खालचं बटण काढून पुन्हा लावून पाहिलं. एवढं तिनं स्वतः कमावलं होतं, आणि तेही कात्रीनं तिला कळू दिलं नव्हतं.

दुपारी दोघी समोरासमोर जेवल्या. वहिनीनं डबा पूर्ण संपवला. उद्या दुकान नऊला उघडेल आणि वहिनी आठला नाश्ता करून घरातून निघेल.